डीव्हीआरमधला कार्यक्रम संगणकावर आणि डिस्कवर कसा उतरवायचा

मावशी एका वाहिनीवरच्या समूहगायनाच्या कार्यक्रमात गायली होती. दुसऱ्या रांगेत, डावीकडून तिसरी. ४० मिनिटांचा तो कार्यक्रम आम्ही घरच्या डीव्हीआरवर, म्हणजे टीव्हीचे कार्यक्रम आतल्या हार्ड डिस्कवर साठवणाऱ्या बॉक्सवर, रेकॉर्ड केला आणि दोन वर्षं येणाऱ्या-जाणाऱ्यांना कौतुकाने दाखवला. मग एक दिवस बॉक्स सुरूच होईना. सेवा देणाऱ्या कंपनीचा माणूस आला, नवा बॉक्स लावला आणि जुना घेऊन गेला. हार्ड डिस्क त्या जुन्या बॉक्सच्या पोटातच होती हे आमच्या लक्षात आलं तेव्हा फार उशीर झाला होता. त्या ४० मिनिटांची दुसरी प्रत आमच्याकडे नव्हती.

तेव्हापासून जपून ठेवावंसं वाटणारं कुठलंही रेकॉर्डिंग मी बॉक्समध्ये आठवडाभरापेक्षा जास्त राहू देत नाही. डीव्हीआर ही धर्मशाळा आहे. १९९९ साली टिवो आणि रिप्लेटीव्ही हे पहिले घरगुती डीव्हीआर आले ते चालू कार्यक्रम थांबवता यावा, नंतर सवडीने पाहता यावा यासाठी. वर्षानुवर्षं जपणूक करणं हे त्यांचं काम नव्हतं आणि आजही नाही. शिवाय बहुतेक बॉक्स तुम्ही सांगितलेलं नसतानाही चालू वाहिनीचा मागचा काही वेळ सतत साठवत राहतात, म्हणजे आतली डिस्क तासन्‌तास लिहीत असते. ती झिजणारच.

या कामात बहुतेकांचा क्रम चुकतो. आधी जाहिराती कापायच्या, मग फाइल लहान करायची, मग डिस्क बनवायची असं डोक्यात असतं आणि त्या खटाटोपात मूळ फाइल बाजूला राहते. माझं सांगणं असं, की आधी मूळ रेकॉर्डिंग जसंच्या तसं बाहेर काढा. त्याला हात लावू नका. ते दोन ठिकाणी सुखरूप पोचलं की मग त्याच्या प्रतीवर काय ते सोपस्कार करा.

कायद्याचंही आधी पाहून घ्या. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८४ साली व्हिडिओ रेकॉर्डरच्या खटल्यात, नंतर पाहण्यासाठी घरी केलेलं रेकॉर्डिंग वैध ठरवलं. पण त्याच देशात १९९८च्या कायद्याने कॉपी-संरक्षणाचं कुलूप तोडायला मनाई केली. देशोदेशीचे नियम वेगळे आहेत, तुमच्याकडचे तुम्ही तपासा. या लेखात कुलूप तोडण्याची एकही युक्ती नाही. स्वतःच्या घरात पाहण्यापुरती प्रत कशी काढायची एवढंच आहे.

पाच मिनिटांची चाचणी

कुठला रस्ता धरायचा हे एका प्रश्नाच्या उत्तरावर ठरतं. तुमचा बॉक्स रेकॉर्डिंग उघड्या स्वरूपात ठेवतो, की सांकेतिक कुलूप लावून?

अँटेनावरून किंवा डिशवरून मोफत वाहिन्या घेणारे बरेच रेकॉर्डर फाइल उघडी ठेवतात. वर्गणी भरून घेतलेले बॉक्स जवळपास नेहमीच कुलूप लावतात. त्या कुलपाची किल्ली त्याच बॉक्सच्या चिपमध्ये असते, म्हणून ती डिस्क त्याच कंपनीच्या, अगदी त्याच मॉडेलच्या दुसऱ्या बॉक्सला लावली तरी कार्यक्रम चालत नाही.

माहितीपुस्तकात हे क्वचितच स्पष्ट लिहिलेलं असतं. त्यापेक्षा करून पाहा. कुठल्याही वाहिनीवरचं पाच मिनिटांचं काहीतरी रेकॉर्ड करा. बॉक्सला यूएसबीचं तोंड असेल तर पेन ड्राइव्ह लावा, रेकॉर्डिंगच्या यादीत जाऊन त्या नोंदीवर 'कॉपी' किंवा 'एक्सपोर्ट' असा पर्याय मिळतो का पाहा. मिळाला तर फाइल संगणकावर आणून व्हीएलसी प्लेअरमध्ये उघडा. चित्र आणि आवाज दोन्ही नीट आले तर तुमचं निम्मं काम झालं. फाइल भरघोस आकाराची आहे पण उघडल्यावर काळा पडदा येतो किंवा काहीच होत नाही, तर ती कुलूपबंद आहे असं धरून चाला आणि खाली कॅप्चरचा भाग वाचा. काही बॉक्स साध्या दर्जाच्या वाहिन्या उघड्या आणि एचडी वाहिन्या कुलूपबंद ठेवतात, म्हणून चाचणी दोन्ही प्रकारच्या वाहिन्यांवर करा.

फाइल उघडी असेल तर

यूएसबीने कॉपी करताना सगळ्यात जास्त त्रास फॅट-३२ या फॉरमॅटचा होतो. बहुतेक पेन ड्राइव्ह आणि जुने बॉक्स याच फॉरमॅटवर एकमेकांशी बोलतात, पण त्यात एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी असूच शकत नाही. हिशेब करून पाहा: एचडी वाहिनी सेकंदाला ८ मेगाबिटने येत असेल तर दोन तासांचं रेकॉर्डिंग ७.२ जीबी होतं. मग बॉक्स एक तर कॉपी अर्ध्यावर सोडतो, नाही तर फाइलचे तुकडे करतो. तुकडे झाले तर घाबरू नका. टीएस प्रकारची फाइल (प्रक्षेपण येतं तसंच साठवणारी) १८८ बाइटच्या छोट्या पाकिटांची माळ असते, त्यामुळे तुकडे क्रमाने एकामागे एक जोडले की पुन्हा सलग कार्यक्रम तयार होतो. क्रम तेवढा चुकवू नका, आणि जोडून झाल्यावर प्रत्येक सांध्याजवळची मिनिटभर फीत डोळ्यांनी पाहा. बॉक्स एनटीएफएस किंवा एक्सफॅट हे मोठ्या फाइली चालणारे फॉरमॅट ओळखत असेल तर हा प्रश्नच येत नाही.

बॉक्सला नेटवर्कची केबल लागत असेल तर मी यूएसबीच्या आधी तीच वाट पाहतो. ड्रीमबॉक्स, व्हीयू प्लस यांसारख्या लिनक्सवर चालणाऱ्या रिसीव्हरमध्ये एफटीपी, म्हणजे नेटवर्कवरून फाइल आणायची सोय, असते. संगणकावर फाइलझिला हा एफटीपीचा प्रोग्रॅम उघडायचा, बॉक्सचा आयपी पत्ता टाकायचा (तो बॉक्सच्या नेटवर्क सेटिंगमध्ये दिसतो) आणि आत 'मीडिया', त्यात 'एचडीडी', त्यात 'मूव्ही' या फोल्डरपर्यंत जायचं. प्रत्येक कार्यक्रमाची एक मोठी टीएस फाइल दिसेल आणि तिच्याच नावाच्या चार-पाच चिमुकल्या फाइली. त्या कचरा समजून सोडू नका. ईआयटी नावाच्या फाइलमध्ये कार्यक्रमाचं नाव आणि वर्णन असतं, मेटा फाइलमध्ये वाहिनी आणि वेळ. काही किलोबाइटची ती माहिती दहा वर्षांनी फार उपयोगी पडते.

वायफायपेक्षा केबल वापरा. जुन्या बॉक्सचं नेटवर्क सेकंदाला १०० मेगाबिटचं असतं, म्हणजे प्रत्यक्षात सेकंदाला सुमारे ११ मेगाबाइट. वरची ७.२ जीबीची फाइल यायला ११-१२ मिनिटं लागतील. कॉपी चालू असताना बॉक्सवर दुसरं रेकॉर्डिंग लावू नका. त्यातला प्रोसेसर बेताचाच असतो, आणि ताण आला की नव्या रेकॉर्डिंगमध्ये खाचा पडतात.

टिवोची गोष्ट थोडी वेगळी आहे. २००५ साली त्यांनी संगणकावर कार्यक्रम नेण्याची अधिकृत सोय दिली. फाइल कुलूपबंदच येते, पण किल्ली ग्राहकाला दिलेली असते: बॉक्सच्या खाते-माहितीच्या पानावर मीडिया ॲक्सेस की नावाचा दहा आकडी क्रमांक सापडतो. केएमटीटीजी हा मोफत प्रोग्रॅम तो क्रमांक घेऊन फाइल उतरवतो आणि उघडतो. मात्र केबल कंपनीने एखाद्या कार्यक्रमावर 'एकदाच कॉपी' अशी खूण लावली असेल (ती एक प्रत म्हणजे बॉक्समधलीच) तर तो कार्यक्रम बॉक्समधून हलत नाही. अशा वेळी दोष तुमच्या जोडणीत शोधत बसू नका.

डीव्हीडी रायटर अंगचाच असलेला हार्ड डिस्क रेकॉर्डर तुमच्याकडे असेल तर काम सोपं आहे. 'हाय-स्पीड डबिंग' निवडलं की चित्र पुन्हा न दाबता (म्हणजे कॉम्प्रेस न करता) थेट डिस्कवर जातं. इथे दोन गोष्टी पाळा. डिस्क 'व्हिडिओ मोड'मध्ये तयार करा, 'व्हीआर मोड'मध्ये नको, कारण व्हीआरच्या डिस्क पुष्कळ प्लेअरना वाचता येत नाहीत. आणि शेवटी 'फायनलाइज' करायला विसरू नका. ते केल्याशिवाय ती डिस्क त्या रेकॉर्डरबाहेर बहुधा चालत नाही. जुन्या व्हीआर डिस्क आधीच साठल्या असतील तर त्यांतली व्हीआरओ फाइल संगणकावर कॉपी करा. ती आतून एमपीईजी-२च (व्हिडिओ दाबण्याची डीव्हीडीवरची पद्धत) असते आणि व्हीएलसी ती वाचतो. फक्त सगळे कार्यक्रम त्या एकाच फाइलमध्ये सलग असतात.

बॉक्स बंद पडलाय, डिस्क चांगली आहे

आमच्यासारखी वेळ आली आणि बॉक्स तुमच्या मालकीचा असेल तर आतली डिस्क काढून संगणकाला लावता येते. भाड्याचा असेल तर उघडू नका, तो तुमचा नाही. उघडण्याआधी विजेची तार काढा आणि काही वेळ थांबा. पॉवर सप्लायच्या कपॅसिटरमध्ये भार उरलेला असतो.

डिस्क यूएसबीच्या डॉकमध्ये बसवून विंडोजच्या संगणकाला लावलीत की बहुधा एक खिडकी उघडेल: ही डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करावी लागेल, करायची का? किंवा डिस्क 'इनिशलाइज' करायची का? नाही म्हणा. डिस्क खराब नसते. ती लिनक्सच्या एक्स्ट किंवा एक्सएफएस अशा फाइल पद्धतीत असते आणि विंडोजला ती भाषा येत नाही, एवढंच. त्या एका 'होय'ने लोकांनी वर्षांचा साठा घालवलेला आहे.

यापेक्षा लिनक्सची लाइव्ह प्रत पेन ड्राइव्हवर घ्या आणि संगणक तिच्यावरून सुरू करा. डिस्क फक्त वाचण्यापुरती जोडा आणि सगळ्यात मोठ्या फाइली शोधून दुसऱ्या डिस्कवर कॉपी करा. डिस्कमधून टकटक आवाज येत असेल किंवा कॉपी मधेच अडखळत असेल तर एकेक फाइल उघडून पाहू नका. प्रत्येक वाचनागणिक ती आणखी मरते. डीडीरेस्क्यू या साधनाने आधी पूर्ण डिस्कची प्रतिमा, म्हणजे एकाच फाइलमध्ये हुबेहूब प्रत, घ्या आणि पुढचं काम त्या प्रतिमेवर करा. फाइली कुलूपबंद निघाल्या तर मात्र बॉक्स दुरुस्त करून त्यावरच त्या चालवणं हाच मार्ग उरतो.

कॅप्चर: बॉक्स वाजतो, संगणक टिपतो

फाइल हाती लागत नसेल तेव्हा कार्यक्रम बॉक्सवर चालवायचा आणि त्याच्या केबलमधून बाहेर येणारं चित्र संगणकाने टिपायचं. ही दुधाची तहान ताकावर भागवणं आहे: चित्र एकदा उलगडून पुन्हा दाबलं जातं, म्हणून दर्जा थोडा उतरतोच, आणि एका तासाच्या कार्यक्रमाला एक तास लागतोच. पण मामांची एक मुलाखत आम्ही अशीच वाचवली, बॉक्स परत द्यायच्या आदल्या रात्री.

त्यासाठी बॉक्सची केबल आणि संगणक यांच्या मधे बसणारं कॅप्चर उपकरण लागतं. एचडीएमआय केबलने सुरुवात करून पाहा. बऱ्याच बॉक्सच्या एचडीएमआय वाटेवर एचडीसीपी नावाचं संरक्षण असतं. ते चालू असेल तर कॅप्चर उपकरणावर नुसता काळा पडदा दिसतो. तसं झालं तर ती वाट सोडा आणि बॉक्सच्या मागे ॲनालॉग तोंडं आहेत का पाहा. हिरवी-निळी-लाल अशी तीन तोंडं म्हणजे कंपोनंट, त्यातून एचडी चित्रही मिळू शकतं. गोल, बारीक पिनांचं एस-व्हिडिओ त्याच्या खालोखाल. पिवळं तोंड म्हणजे कंपोझिट, दर्जाला सगळ्यात कमी पण जुन्या बॉक्सवर हमखास असणारं. पांढरी आणि लाल जोडी आवाजाची. कंपोनंटमध्येही एक लाल तोंड असतं आणि आवाजातही एक, तेव्हा लावताना गल्लत करू नका. काही कार्यक्रमांवर ॲनालॉग वाटेवरही संरक्षण असतं. चित्र आळीपाळीने उजळ-मंद होत राहिलं किंवा कॅप्चर आपोआप थांबलं तर कारण तेच असण्याची शक्यता मोठी.

एचडीएमआयच्या कॅप्चर उपकरणाबद्दल एक गोष्ट दुकानात सांगत नाहीत. यूएसबी २.० वर चालणारी स्वस्त उपकरणं वेष्टनावर १०८० आणि ६० असे आकडे मिरवतात, पण ते आकडे आत येणाऱ्या सिग्नलचे असतात. संगणकाकडे ती १०८०चं चित्र सेकंदाला जास्तीत जास्त ३० फ्रेम या वेगानेच पाठवतात, तेही आधीच दाबून. खेळाचे सामने आणि नृत्य टिपायचं असेल तर यूएसबी ३.० चं उपकरण घ्या. आणि तुमच्या देशातलं प्रक्षेपण २५ किंवा ५० फ्रेमचं असेल तर कॅप्चर ३० वर ठेवू नका. कॅमेरा आडवा फिरताना चित्र अडखळत चालल्यासारखं दिसतं ते याच चुकीमुळे. २५ किंवा ५० निवडा. जिथे प्रक्षेपण ३० किंवा ६०चं आहे तिथे २९.९७ किंवा ५९.९४.

टिपण्यासाठी ओबीएस स्टुडिओ हा मोफत प्रोग्रॅम पुरेसा आहे. मुलाखतीच्या रात्री मी कागदावर लिहून भिंतीला चिकटवलेली यादी इथे देतो. हिच्यातली प्रत्येक ओळ एकेका फसलेल्या प्रयत्नातून आलेली आहे.

१. बॉक्सच्या सेटिंगमध्ये चित्राचं रिझोल्यूशन 'ऑटो'वर न ठेवता एका आकड्यावर पक्कं करा. मधेच बदललं तर कॅप्चर तुटतं.

२. आवाजाचं आउटपुट डॉल्बीवरून 'पीसीएम' किंवा 'स्टिरिओ'वर आणा. बहुतेक कॅप्चर उपकरणांना डॉल्बी कळत नाही आणि रेकॉर्डिंग मुकं निघतं.

३. ॲनालॉग आवाज बॉक्सच्या व्हॉल्यूमप्रमाणे कमी-जास्त होतो. व्हॉल्यूम पूर्ण वाढवा, मग ओबीएसच्या पट्टीवर तो लाल भागात जात नाही ना ते पाहून हवा तेवढा उतरवा.

४. बॉक्सचं आपोआप झोपी जाणं बंद करा. वीज वाचवण्यासाठी पुष्कळ बॉक्स काही तास रिमोट दाबला नाही तर स्वतःहून बंद होतात. संगणकाचं स्लीप आणि स्क्रीनसेव्हरही बंद.

५. ओबीएसमध्ये फाइलचा प्रकार एमकेव्ही ठेवा. वीज गेली किंवा प्रोग्रॅम कोलमडला तर एमकेव्हीतलं तोवरचं रेकॉर्डिंग वाचतं, साधी एमपी-४ फाइल उघडतही नाही. नंतर ओबीएसमधूनच एमकेव्हीचं एमपी-४ करता येतं, दर्जा न घटवता.

६. दर्जासाठी बिटरेट (सेकंदाला किती बिट) बांधण्यापेक्षा सीआरएफ, म्हणजे दर्जा ठरवणारा आकडा, १८ ते २० ठेवा. आकडा जितका लहान तितका दर्जा चांगला आणि फाइल मोठी.

७. आधी दोन मिनिटं टिपा, ती फाइल हेडफोन लावून पाहा, मगच पूर्ण कार्यक्रम सुरू करा.

कॅप्चर सुरू करून झाल्यावर कार्यक्रम चालू करा, उलट नको. चालू केल्यावर पडद्यावरची माहितीपट्टी जायला काही सेकंद लागतात, म्हणून कार्यक्रम थोडा मागे नेऊन तिथून सोडा. आणि मधे रिमोटला हात लावू नका.

ओठ आणि आवाज हळूहळू वेगळे पडत असतील, म्हणजे सुरुवातीला बरोबर आणि तासाभराने अर्धा सेकंद मागे, तर बहुधा चित्र कॅप्चर उपकरणातून आणि आवाज संगणकाच्या साउंड कार्डमधून येतोय. दोघांची घड्याळं वेगळी, म्हणून फरक साचत जातो. दोन्ही एकाच उपकरणातून घ्या आणि आवाज ४८ किलोहर्ट्झवर ठेवा.

तपासणी आणि छाटणी

फाइल आली की आधी तिची एक प्रत दुसऱ्या डिस्कवर टाका. त्यानंतरच छाटणीला बसा.

प्रक्षेपणातून आलेल्या फाइलीत खड्डे असतात. पावसात डिशचा सिग्नल क्षणभर गेला की काही पाकिटं हरवतात, पडद्यावर चौकटी फुटतात आणि त्या जागेपासून आवाज सरकतो. मूळ बॉक्स हे सांभाळून घेतो, पण रूपांतर करणारे प्रोग्रॅम अडखळतात. फाइल एमपीईजी-२ची असेल तर प्रोजेक्ट-एक्स हे जुनं मोफत साधन आवाज आणि चित्र वेगळं करून हरवलेल्या जागा भरतं. एच.२६४ या नव्या पद्धतीने दाबलेल्या फाइलीला ते चालत नाही. त्यासाठी टीएस-डॉक्टरसारखा विकतचा प्रोग्रॅम लागतो. खड्डे नसतील तर ही पायरी सोडून द्या.

जाहिराती कापायला लॉसलेसकट किंवा ॲव्हिडेमक्स घ्या. दोन्ही मोफत आहेत आणि चित्र पुन्हा न दाबता कापतात, त्यामुळे दोन तासांचा कार्यक्रम दोन-तीन मिनिटांत हातावेगळा होतो. अट एकच, की काप मुख्य फ्रेमवरच बसतो. दाबलेल्या व्हिडिओत ठरावीक अंतराने एक पूर्ण चित्र, म्हणजे मुख्य फ्रेम, असतं आणि मधल्या फ्रेममध्ये फक्त बदल नोंदवलेले असतात. म्हणून काप मनातल्या जागेपासून थोडा इकडे-तिकडे सरकतो. कार्यक्रमाचा एक सेकंद गमावण्यापेक्षा जाहिरातीचा अर्धा सेकंद राहू द्या. कॉमस्किप नावाचं साधन जाहिराती आपोआप ओळखतं, पण मी त्याच्या भरवशावर कधी कापलेलं नाही. त्याने दाखवलेल्या जागा फक्त खुणा म्हणून वापरतो.

पुन्हा दाबायचं की नाही

संगणकावर किंवा मीडिया प्लेअरवरच पाहणार असाल तर नको. टीएस फाइल एमकेव्हीटूलनिक्स या प्रोग्रॅममध्ये टाकून एमकेव्ही करा: डबा बदलतो, आतला माल तोच राहतो. हार्ड डिस्कवर जागा भरपूर असते, दर्जा मात्र एकदा गेला की परत येत नाही.

फोनवर पाहायचं किंवा कुणाला पाठवायचं असेल तर हँडब्रेक हा रूपांतराचा प्रोग्रॅम घ्या. त्यात एक गोष्ट जरूर तपासा: इंटरलेस. दूरचित्रवाणीचं बरंचसं प्रक्षेपण एकाआड एक ओळींच्या दोन अर्ध्या चित्रांनी बनतं. संगणकाच्या पडद्यावर हलणाऱ्या वस्तूंच्या कडांना कंगव्याचे दात दिसतात ते त्यामुळे. हँडब्रेकच्या फिल्टरमध्ये डीइंटरलेस चालू करा. 'बॉब' हा पर्याय दोन्ही अर्ध्या चित्रांच्या वेगळ्या फ्रेम करतो, सेकंदाला २५च्या ५०. सामने आणि नृत्य त्यात खरोखर वाहतं दिसतं. माणसं जाड किंवा बारीक दिसत असतील तर रुंदी-उंचीचं प्रमाण चुकलंय. ७२० गुणिले ५७६ चं चित्र १६:९ प्रमाणात १०२४ रुंदीचं दिसायला हवं.

डिस्क

आधी ठरवा, कुठली डिस्क हवी. डेटा डिस्क म्हणजे फाइल आहे तशी डिस्कवर ठेवणं. जपणुकीसाठी हीच चांगली, आणि एचडी दर्जा टिकतो. व्हिडिओ डीव्हीडी म्हणजे साध्या डीव्हीडी प्लेअरवर चालणारी, मेनू असलेली डिस्क. ज्यांना संगणक नको वाटतो अशा आजी-आजोबांसाठी ही.

डेटा डिस्क करताना लक्षात घ्या, की ४.७ जीबीची डिस्क विंडोज ४.३७ जीबी दाखवतं. मोजण्याची पद्धत वेगळी, डिस्क तीच. ब्लू-रेच्या एका थरात २५ जीबी मावतात. फाइल ४ जीबीच्या वर असेल तर बर्न करताना (म्हणजे डिस्कवर लिहिताना) 'यूडीएफ' ही फाइल पद्धत निवडा.

व्हिडिओ डीव्हीडीचे नियम कडक आहेत. चित्र एमपीईजी-२चं, ७२० गुणिले ५७६ किंवा तुमच्याकडे एनटीएससी (३० किंवा ६० फ्रेमची टीव्ही पद्धत) असेल तर ७२० गुणिले ४८०. चित्राचा वेग सेकंदाला ९.८ मेगाबिटच्या आत. आवाज ४८ किलोहर्ट्झवर, एसी-३, एमपी-२ किंवा पीसीएम, एएसी चालत नाही. एचडी रेकॉर्डिंग असेल तर ते उतरवून पुन्हा दाबावंच लागतं. साध्या दर्जाची एमपीईजी-२ फाइल पुष्कळदा न दाबता बसते, पण रुंदी ७२०, ७०४ किंवा ३५२ असेल तरच. काही वाहिन्या जागा वाचवायला ५४४ रुंदीचं चित्र पाठवतात. ते टीव्हीवर ठीक दिसतं, पण डीव्हीडीच्या नियमात बसत नाही.

बिटरेटचा हिशेब तोंडी येतो. ४.७ जीबी म्हणजे ३७.६ अब्ज बिट. दोन तासांनी, म्हणजे ७२०० सेकंदांनी भागा: ५.२ मेगाबिट. त्यात आवाज आणि मेनूची जागा सोडून चित्राला ४.७च्या आसपास द्या. तीन तास कोंबले तर सगळं मिळून ३.५च मिळतात, आणि गर्दीच्या दृश्यात चौकटी दिसू लागतात. अडीच तासांच्या वर गेलात तर दोन डिस्क करा किंवा ८.५ जीबीची दुहेरी थराची घ्या.

साध्या दर्जाचं इंटरलेस चित्र डीव्हीडीवर जाणार असेल तर त्याला डीइंटरलेस करू नका. डीव्हीडीला इंटरलेस चालतं आणि टीव्ही ते आपलं आपण नीट करतो. वरच्या फिल्टरचा सल्ला इथे उलटा लागू होतो.

डीव्हीडी स्टायलर या मोफत प्रोग्रॅममध्ये फाइली टाका, दर दहा मिनिटांवर एक चॅप्टर ठेवा, मेनू साधा ठेवा. थेट डिस्कवर न लिहिता आधी आयएसओ फाइल (पूर्ण डिस्कची प्रतिमा) करा आणि ती व्हीएलसीमध्ये उघडून मेनू, आवाज, प्रमाण सगळं पाहा. चूक इथे सापडली तर डिस्क वाया जात नाही. मग विंडोजवर इमगबर्न किंवा लिनक्सवर के-थ्री-बी वापरून लिहा. १६ वेगाच्या डिस्कवर ८चा वेग ठेवा आणि 'व्हेरिफाय' चालू ठेवा. वेळ दुप्पट लागतो, लागू द्या. डिस्कवर लिहायला डिस्कसाठीचं मार्करच वापरा. टोकदार पेनाचा दाब वरच्या थरातून आत उतरतो. कागदाचं चिकट लेबल तर लावूच नका, ते सुटायला लागलं की डिस्क डळमळत फिरते. ठेवताना उभी, अंधारात, कोरड्या जागी ठेवा.

नाव, आणि मग शेवटी बॉक्स

फाइलच्या नावात तारीख आधी लिहा, वर्ष-महिना-दिवस या क्रमाने, मग कार्यक्रम, मग वाहिनी. अशा फाइली आपोआप कालक्रमाने लागतात. सोबत एक साधी मजकूर फाइल ठेवा आणि तिच्यात कोण कुठल्या मिनिटाला दिसतं ते लिहा. मामांच्या मुलाखतीसोबत मी 'मामा १२व्या मिनिटापासून, मागे खुर्चीत मामी' असं लिहून ठेवलंय. ती ओळख पटवून देणारी माणसं पुढे नसतील, फाइल असेल.

दोन प्रती दोन वेगळ्या वस्तूंवर हव्यात. एकाच डिस्कच्या दोन फोल्डरमधल्या प्रती ही एकच प्रत समजा. एक संगणकावर, एक बाहेरच्या हार्ड डिस्कवर, आणि जमलं तर एक दुसऱ्या घरी.

आता दोन्ही प्रती सुरुवातीला, मध्यावर आणि शेवटच्या मिनिटाला उघडून पाहा. आवाज ऐका. दोन्ही शेवटपर्यंत चालल्या की रिमोट घ्या आणि बॉक्सवरचं रेकॉर्डिंग पुसा.